मगदूमांची जाळी

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा पत्रा सरकवला, तशी आतून झेंडूची एक पाकळी माझ्या मांडीवर पडली.

"काय निघालं मॅडम?" निशिकांतने दारातूनच विचारलं.

"बाग निघाली. ये, बघून जा."

तो आत आला. मशीनच्या मुख्य बोर्डावर हळदीकुंकवाचा लगदा सुकून बसला होता. त्यात अक्षता रुतल्या होत्या आणि पॉवर सप्लायच्या तोंडाशी चिकट ओघळ वाळला होता. मी बोट लावून वास घेतला. नारळाचं पाणी. खंडेनवमीला गावच्या दूध संस्थेतल्या बायकांनी मशीनची यथासांग पूजा केली होती आणि दसऱ्याच्या सकाळी, दुधाच्या वेळेला, मशीनने मान टाकली होती.

निशिकांत बावडेकर हा आमचा विक्रीचा माणूस. तो आधी पोट धरून हसला आणि मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "सुटलो मॅडम आपण! चूक गिऱ्हाइकाची. आत पाणी गेलं की आपली जबाबदारी संपली, वॉरंटी कार्डावर ठळक छापलंय. फोटो काढून ठेवा, दूध संघाला दाखवू."

"फोटो काढ," मी म्हटलं, "पण संघाला दाखवायचा की नाही ते मी ठरवीन."

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत सुकुमार मगदूम यांचा कॉम्प्युटर बनवण्याचा लहानसा कारखाना होता आणि तिथला दुरुस्ती विभाग माझ्याकडे होता. आतले सुटे भाग बाहेरून यायचे, पण पत्रा आमचा, जुळणी आमची, तपासणी आमची. मशीनवर 'मगदूम' असं नाव असायचं आणि त्या नावाचा आम्हा सगळ्यांना जरा जास्तच अभिमान होता.

त्या वर्षी तालुक्याचा दूध संघ गावोगावच्या संस्थांमध्ये कॉम्प्युटर बसवणार होता. दुधाचं वजन, फॅट सगळं मशीन नोंदवणार आणि गवळणीच्या हातात छापील पावती देणार. नमुन्याचं मशीन आम्ही माळवाडीच्या महिला दूध संस्थेत ठेवलं होतं. ते चाललं असतं तर सगळ्या तालुक्याचं काम आम्हाला. पण नाही चाललं तर काय, तेही ठरलेलं होतं. एका बड्या कंपनीने मगदूमसाहेबांना एजन्सी देऊ केली होती. स्वतः बनवणं बंद करायचं आणि त्यांची तयार मशीनं विकायची. ते पत्र साहेबांच्या टेबलाच्या खणात होतं आणि साहेबांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, "संघाचं काम आलं तर बनवत राहू. नाही तर शोरूम टाकू." म्हणजे जुळणीवरची माणसं घरी आणि मी काचेच्या दाराआड 'या, बसा, काय दाखवू?' करत उभी. मला ते होऊ द्यायचं नव्हतं.

मी मशीन तसंच उघडं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आत डोकावून पाहिलं. "हे काय? लग्न लावलं की काय मशीनचं?"

"खंडेनवमीची पूजा केलीय. नारळाचं पाणी शिंपडलं, ते तुमच्या जाळीतून थेट आत गेलं."

"माझ्या जाळीतून?" साहेबांचा आवाज बदलला. कॅबिनेटच्या डोक्यावर भोकांची जाळी, ही त्यांची कल्पना होती. गरम हवा वर जाते, तिला वरच वाट द्या, मशीन उन्हाळ्यातही थंड राहील. जाहिरातीतसुद्धा त्या जाळीचं चित्र होतं. "जाळीचा काय दोष? उद्या कुणी आत आमटी ओतली तर?"

"आमटी कुणी ओतणार नाही साहेब. नारळ मात्र दरवर्षी फुटणार."

"मग सांगा त्यांना, मशीनवर पूजा करू नका म्हणून. एक कागद छापून लावा." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. विषय संपला, असा त्याचा अर्थ असायचा.

मी खाली आले, पण मला चैन पडेना. दसऱ्यानंतर आमच्याकडे तक्रारी वाढतात हे मला माहीत होतं. आम्ही त्याला 'पावसाची ओल' म्हणायचो आणि मोकळे व्हायचो. मी फोन ओढला आणि मागच्या वर्षी ज्यांची मशीनं त्या सुमारास आली होती त्यांना एकेक करून विचारायला लागले.

पहिला फोन छापखान्यात. मालक म्हणाले, "पूजा? म्हणजे काय, करणारच की! दहा वर्षं ट्रेडल मशीनची करतोय, मग ह्यानंच काय घोडं मारलंय?"

दुसरा टायरच्या दुकानात. "आमची मंडळी करते बघा. का हो, काय कमी पडलं काय?"

तिसऱ्याने तर मलाच झापलं. "लाखाची वस्तू घेतली आणि तिला कुंकू लावायचं नाही, असं कुठं असतं का बाई?"

मी फोन ठेवला तेव्हा मला हसूही येत होतं आणि रागही. बापानं लेकीला ओळखावं तसं आम्ही मशीनला ओळखत होतो, पण ते ज्या घरी नांदायला जाणार तिथले सणवार आम्ही कधी विचारलेच नव्हते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

मी मशीन धुऊन पुसून, नवा बोर्ड घालून चालू केलं आणि स्वतःच माळवाडीला निघाले. निशिकांत जीप चालवायला आला. वाटेत तो सारखं बजावत होता, "मॅडम, त्यांची चूक त्यांच्या पदरात घाला. नाही तर उद्या संघात आपल्या नावानं शिमगा करतील."

संस्थेच्या अध्यक्षा आक्काताई खोत ओट्यावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, धिप्पाड, डोक्यावर पदर आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप चप्पल नीट काढावी. आम्हाला पाहून त्या उठल्या नाहीत.

"आनलं व्हय? ठेवा तितं."

मी मशीन जागेवर ठेवलं, जोडलं. खोलीत वजनकाटा होता, फॅट काढायचं यंत्र होतं, दुधाचे कॅन होते. प्रत्येकाला कुंकवाची बोटं ओढलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर वाळका झेंडू. तिथेच राहिलेला आमच्या मशीनचा पडदा मात्र कोरा होता.

"पडद्याला नाही लावलं कुंकू?" मी विचारलं.

"त्यो टीव्ही हाय. त्येची कशाला करायची? यंत्र ह्ये," त्यांनी डब्यावर हात ठेवला. मग तो हात तसाच ठेवून त्या म्हणाल्या, "बाई, एक इचारतो, खरं सांगायचं. गावात बोलाय लागल्यात. पुरुषांची संस्था हाय न्हवं पलीकडं, त्यातली मानसं म्हनत्यात, बायकांनी पूजा केली आन् दुसऱ्या दिवशी मशीन मेलं. हाताला यश न्हाई म्हनत्यात. पूजेनं बिघडलं काय ह्ये?"

निशिकांतने मागून माझ्या पाठीला कोपर लावलं. त्याला हवी तशी संधी समोर चालून आली होती.

मी आक्काताईंकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढा होता, पण डब्यावरचा हात मात्र आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा होता. मला एकदम त्यांची फार माया वाटली, आणि आमच्या वॉरंटी कार्डाची लाज.

"पाणी आत गेलं म्हणून बिघडलं," मी म्हटलं. "पण ते पूजेनं नाही गेलं. आमच्या पत्र्यानं जाऊ दिलं. खंडेनवमीला पूजा होणार हे आम्हाला ठाऊक असायला नको? आम्ही काय विलायतेतून आलोय?"

आक्काताईंनी डब्यावरचा हात काढून पदर सावरला. मग म्हणाल्या, "मग फुडच्या वर्साला काय करायचं? पूजा करायची का न्हाई?"

"करायची. तोवर पत्रा बदलून आणते."

"दूध घेनार का च्या?" त्या उठल्या.

जीपमध्ये बसल्यावर निशिकांत कपाळावर हात मारून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण! मशीन ठरवायची संघाची बैठक दिवाळीच्या आधीच आहे. पत्रा कधी बदलणार? आणि साहेब त्यांच्या जाळीला हात लावू देतील?"

"ते माझ्यावर सोड. तू गाडी चालव."

साहेबांनी अपेक्षेप्रमाणे हात लावू दिला नाही. "कुंभोजेबाई," ते म्हणाले, "मी इंजिनिअर आहे. लोकांच्या देवभोळेपणासाठी मी डिझाइन बदलू?"

"दोन मिनिटं खाली चला."

"कशाला?"

"चला तर खरं."

मी त्यांना कारखान्यात नेलं, पत्र्याला भोकं पाडायच्या ड्रिलपाशी. ते मशीन साहेबांनी पहिल्या कमाईतून घेतलेलं. त्याच्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं ओढलेली होती आणि पायाशी नारळाची करवंटी अजून पडून होती.

"ही पूजा कुणी केली साहेब?"

जुळणीवरची माणसं हातातलं काम सोडून बघायला लागली. साहेबांनी ड्रिलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पूजा त्यांनीच केली होती, नवीन सदरा घालून. दरवर्षी करायचे.

"ड्रिल वेगळं," ते म्हणाले. "ते लोखंड आहे. त्याला काही होत नाही."

"तेच म्हणतेय मी. त्याला काही होत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त नारळ फोडता. आपल्या गिऱ्हाइकालाही तसं निर्धास्त राहता आलं पाहिजे. नाही तर मग खणातलं पत्र आहेच. त्यांचंच मशीन विकू, त्याच्यावर तर बोटसुद्धा टेकवायला परवानगी नसेल."

मी जरा जास्त बोलले होते. साहेब ताडताड निघून गेले आणि त्यांच्या खोलीचं दार आपटलं. निशिकांत पुटपुटला, "गेली नोकरी."

दुपारनंतर साहेब खाली आले. हातात एक पुठ्ठा होता, त्यावर पेन्सिलने काढलेलं कॅबिनेट. डोक्यावरची जाळी खोडलेली होती.

"जाळी गेली तर गरम हवा कुठून काढणार, ते विचारलंत का स्वतःला?" त्यांनी दरडावलं.

"मागून काढू. पंखा मागे न्यायचा."

"नुसता मागे नेऊन भागत नाही. आत यायलाही वाट लागते. बाजूला खालून झडपा द्याव्या लागतील, खाली तोंड केलेल्या, खिडकीवरच्या पत्र्यासारख्या. आणि वरचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा बाहेरून दुमडायचा. पुढे आणि बाजूला कड उचलायची, मागे पत्रा पंख्यापुढे वळचणीसारखा बाहेर काढायचा, म्हणजे पाणी मागच्या मागे पडेल." ते थांबले. "वरती सपाट जागा ठेवा. दिवा ठेवता आला पाहिजे. उगाच निरांजन कलंडायला नको."

मला इतका आनंद झाला की मी फक्त "हो साहेब" एवढंच म्हणू शकले.

पुढचे दिवस आम्ही पत्र्याशी झुंजलो. पहिला पत्रा कोपऱ्यात गळला. दुसऱ्यात पाणी नाही गेलं, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात मशीन तापून बंद पडलं. साहेब म्हणाले, "बघा, जाळीच बरी होती." मी म्हटलं, "तिसरा पत्रा कापा." तिसऱ्याला झडपा मोठ्या केल्या. जुळणीवरची माणसं येता-जाता त्याच्यावर तांब्या ओतून जायची, जसं काही श्रावणातली पिंडच. मशीन चालत राहिलं.

संघाची बैठक होती त्या दिवशी मी एक पिशवी भरून घेतली. साहेबांनी विचारलं, "काय आहे त्यात?" मी म्हटलं, "सामान."

सभागृहात संचालक बसले होते आणि गावोगावचे अध्यक्ष. आक्काताई एका कडेला, बायकांच्या खुर्च्यांमध्ये. त्याच बड्या कंपनीचा माणूस आधीच आला होता. टाय, चकचकीत बूट आणि बोलणं असं गुळगुळीत की त्यावरून माशी घसरावी. त्याचं मशीन आमच्यापेक्षा स्वस्त होतं आणि दिसायलाही देखणं, हे मान्यच करायला हवं.

संघाचे अध्यक्ष विश्वासराव नेजकर म्हणाले, "मगदूमसाहेब, तुमचं मशीन माळवाडीला बंद पडलं म्हणं. काय झालतं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. निशिकांतच्या बॅगेत तो फोटो होता. पलीकडे आक्काताई ताठ बसल्या होत्या, पदराचं टोक मुठीत आवळून.

मी उभी राहिले. "आमच्या पत्र्यात दोष होता. वरून पाणी आत जात होतं. तो आम्ही काढलाय."

टायवाला हसला. "दोष होता हे त्या स्वतःच सांगतायत. आमच्या कंपनीचं मशीन जगभर चालतं, साहेब."

सभागृहात कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा उतरला. मी पिशवीतून नारळ काढला आणि कोयता काढला. आमचं मशीन टेबलावर चालू होतं, शेजारी प्रिंटर जोडलेला.

"बाई, काय करताय?" विश्वासराव खुर्चीतून अर्धे उठले.

"खंडेनवमी," मी म्हटलं.

नारळ मशीनच्या डोक्यावर धरला आणि कोयत्याची पाठ मारली. पहिल्या घावाला फुटला नाही. कुणीतरी हसलं. दुसऱ्या घावाला फुटला आणि सगळं पाणी त्या सपाट पत्र्यावर पडलं, कडेपर्यंत चढलं आणि मागच्या मागे टेबलावरून फरशीवर ओघळलं. मी वरून हळदीकुंकू सोडलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. मग बटन दाबलं. प्रिंटरने करकरत एक पावती बाहेर काढली. ती फाडून मी विश्वासरावांच्या हातात दिली.

त्यांनी पावती उलटसुलट करून पाहिली आणि टायवाल्याकडे वळले. "तुमच्यावर फोडायचा का नारळ?"

"सर, आमच्या वॉरंटीत ते बसत नाही," तो म्हणाला. "आणि मुळात मशीनवर पूजा करायचीच कशाला? आम्ही तुमच्या स्टाफला ट्रेनिंग देऊ ना. काय करायचं नाही, ते एकदा शिकवलं की प्रश्न मिटला."

तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून आवाज आला. "थांबा वाईच."

आक्काताई उभ्या राहिल्या होत्या.

"त्या बाईनी पत्र्याचा दोष म्हनून सांगितलं. म्या ऐकत बसलो. पर आता बसवंना. पानी म्या घातलं हुतं. ह्या हातानं. मशीन माझ्या हातनं मेलं." पुरुषांच्या रांगेतून कुणीतरी खाकरलं. आक्काताईंनी तिकडे असं पाहिलं की तो खोकला तिथल्या तिथे बरा झाला. "हसा की, हसा. पर ह्यांस्नी सगळं ठावं हुतं. आत झेंडू गावला असंल त्येंना. तरी एका शब्दानं मला बोल लावला न्हाई, आन् आज बी लावला न्हाई." मग त्या टायवाल्याकडे वळल्या. "तुमी आमाला शिकवाय येनार. ह्या शिकवाय आल्या न्हाईत, दादा. ह्या पत्रा बदलून आल्या. माझ्या संस्थेत ह्येंचंच मशीन ऱ्हानार. तुमी संघाच्या वतीनं काय बी ठरवा."

त्या खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसलं. मी उगाचच झेंडूचं फूल सरळ करत उभी राहिले.

विश्वासराव घटकाभर पावतीकडे बघत होते. मग म्हणाले, "महाग हाय मगदूमसाहेब तुमचं."

"आहे," साहेब म्हणाले. त्यांनी निशिकांतकडून वॉरंटी कार्ड मागून घेतलं आणि पाण्याची ती ओळ पेनने खोडून त्यांच्यासमोर ठेवलं. "पण आता ही अट नाही."

"मगदूमांचं ज्यांना हवं त्यांनी हात वर करा," विश्वासराव म्हणाले. पहिल्यांदा बायकांच्या खुर्च्यांमधून हात वर गेले. मग मागच्या रांगा. शेवटी तो खाकरणाराही.

परतताना निशिकांत गाडी चालवता चालवता गात होता. कारखाना जवळ आल्यावर साहेब एकदम म्हणाले, "कुंभोजेबाई, नारळ नासका निघाला असता तर? एवढ्या लोकांसमोर अपशकुन झाला असता."

"पिशवीत दुसरा होता," मी म्हटलं.

ते इतके हसले की चष्मा काढून त्यांना डोळे पुसावे लागले.

कारखान्यात जुळणीवरची सगळी माणसं थांबून राहिली होती. आमचे चेहरे बघून त्यांना काय ते कळलं. साहेब कुणाशी न बोलता वर गेले, खण उघडल्याचा आवाज आला आणि ते एक कागद घेऊन खाली आले. बड्या कंपनीचं ते पत्र होतं, जाड, गुळगुळीत, वर सोनेरी छाप असलेलं. त्यांनी ते ड्रिलच्या चौथऱ्यावर पसरलं, माझ्याकडून फोडलेल्या नारळाच्या वाट्या मागून घेतल्या आणि खोबऱ्याचे तुकडे करून त्या पत्रावर ठेवले.

"घ्या," ते म्हणाले. "प्रसाद आहे."

एकेक जण पुढे येऊन तुकडा उचलत गेला. माझ्या वाट्याला कडेचा आला. खोबरं चांगलं गोड निघालं होतं.